एक्याऐंशी निघाले, आठ पोचले: १९१४ची जिरो आणि गाडीला धरलेला हात

पायडलमारे (धागाकर्ता)

मागे टूर द फ्रान्सच्या धाग्यावर "खरी शर्यत म्हणजे १९१४ची जिरो" एवढंच लिहून मी पळ काढला होता. दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून धरलं, आता सविस्तर लिही म्हणून. तर घ्या.

जिरो दितालिया म्हणजे इटलीची फेरी. टप्प्याटप्प्याने देशभर फिरणारी सायकल शर्यत. पहिली झाली १९०९ साली आणि ती भरवली 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या खेळाच्या वर्तमानपत्राने. मला लिहायचंय ते १९१४च्या, म्हणजे सहाव्या जिरोबद्दल.

आकडे आधीच सांगून टाकतो. आठ टप्पे, ३१६२ किलोमीटर. आठपैकी पाच टप्पे ४००च्या वरचे. निघाले ८१, पोचले ८. जिंकलेल्या अल्फोन्सो काल्त्सोलारीला लागले १३५ तास १७ मिनिटं ५६ सेकंद. म्हणजे दर टप्प्याला सरासरी सतरा तास खोगिरावर! दुसरा आला पिएरिनो अल्बिनी, दोन तासांना जेमतेम तीन मिनिटं कमी इतका मागे. हल्ली सेकंदांवरून निकाल लागतात. एवढ्या फरकाने नंतर कोणालाही जिरो जिंकता आलेली नाही.

मिलानहून २४ मेला मध्यरात्री सुटले. पहिला टप्पा कूनेओपर्यंत ४२० किलोमीटर, आणि वाटेत सेस्त्रिएरेचा घाट. उंची २०३५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक बऱ्यापैकी डोंगर ठेवा आणि त्यावरून सायकल न्या, तीही रात्रभर वादळी पाऊस अंगावर घेऊन. डांबर नाही. कच्चा पांढरा रस्ता, ऊन असेल तर धुरळा, पाऊस असेल तर चिखल. आंजेलो ग्रेमो पहिला आला तेव्हा १७ तास १३ मिनिटं झाली होती. जवळजवळ निम्मे गडी त्या एका टप्प्यातच गळाले. त्यात इंग्लंडचा फ्रेडी ग्रब पण होता, दोनच वर्षांपूर्वी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये रुपेरी पदकं मिळवलेला.

सायकलींबद्दल दोन शब्द. हँडलजवळ खटका दाबला की गिअर बदलला, असं काही नव्हतं. मागच्या चाकाला एका बाजूला सपाटीचं दातेरी चक्र, दुसऱ्या बाजूला चढाचं. घाट लागला की उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. पंक्चर झालं, चेन तुटली, काहीही झालं तरी स्वतःच करायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. जादा टायर आठाच्या आकड्यासारखे पीळ देऊन खांद्यावरून घेतलेले. जुने फोटो पाहिले तर हे लोक खेळाडू वाटत नाहीत, दौऱ्यावर निघालेले सायकल मेकॅनिक वाटतात.

तिसरा टप्पा लुक्का ते रोम, ४३० किलोमीटर. जिरोच्या आजवरच्या इतिहासातला सगळ्यात लांब. पुण्याहून निघून जवळजवळ पणजी गाठल्यासारखं, एका दमात. यात लाउरो बोर्दिन नावाचा गडी साडेतीनशे किलोमीटर एकटा पुढे पळाला. चौदा तास पुढेही कोणी नाही, मागेही कोणी दिसत नाही. आणि रोम जवळ आल्यावर मागच्यांनी गाठला की हो! टप्पा जिंकला एकवीस वर्षांच्या कोस्तांते जिरार्देंगोने. हा पोरगा पुढे इटलीचा महान सायकलपटू झाला (दोन जिरो, सहा वेळा मिलान–सान रेमो), पण मला रात्री झोप लागत नाही तेव्हा आठवतो तो बोर्दिन.

आता मुद्द्यावर येतो. चौथा आणि पाचवा टप्पा जुझेप्पे अझिनीने मारला आणि बारीला पोचल्यावर एकूण वेळेतही तोच पुढे गेला. सहावा टप्पा बारी ते लाक्विला, ४२८ किलोमीटर, शेवटाला आब्रुत्सोचे डोंगर. पाऊस, गारठा. या टप्प्यात अझिनी गायबच झाला. मुक्कामाला आलाच नाही. दुसऱ्या दिवशी एका कोठारात तापाने फणफणलेला सापडला.

आणि त्याच टप्प्यात चढावर काल्त्सोलारीने एका मोटारीला हात धरला.

पंचांनी पाहिलं. आयोजकांनी तीन तासांचा दंड ठोकला. अझिनी बाद झालेला असल्यामुळे तीन तास जाऊनही पहिला नंबर काल्त्सोलारीकडेच राहिला. इटलीच्या सायकल महासंघाचं म्हणणं पडलं की दंड कसला, हाकला त्याला, अल्बिनी विजेता. गाझेत्ता म्हणाली, शर्यत आमची, निकाल आमचा. प्रकरण पार १९१५पर्यंत रेंगाळलं आणि शेवटी काल्त्सोलारीचं नाव कायम झालं.

माझं मत: मी त्याला विजेता मानतो. त्याने हात धरला हे चूकच. पण नियमात शिक्षा होती, ती झाली, ती त्याने भोगली आणि उरलेले दोन्ही टप्पे, चारशेच्या वरचे, पायांनी काढले. तुम्हाला काय वाटतं?

---

खिंडीतला वारा

वाखूसाए (वाचनखूण साठवली आहे). मी ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) करतो, म्हणून ४००चा आकडा वाचून पोटात गोळा आला. आमच्या ४००ला २७ तास मिळतात. बावीस गिअर, एलईडी दिवा, हायवेचं डांबर, दर पन्नास किलोमीटरला चहा. एवढं असून पहिल्या वेळेला रात्री अडीचला कराडच्या पुढे एका टपरीवर पोह्यांची प्लेट हातात धरून झोपलो होतो. टपरीवाल्याने हलवून उठवलं, "साहेब, पोहे गार झाले, दुसरे देऊ का?" ते पोहे मी कधीच विसरणार नाही. आणि हे लोक सेस्त्रिएरे ओलांडून सतरा तासांत पोचतात!!

अवांतर: या ब्रेव्हेचं मूळही इटलीतच आहे. १८९७च्या जूनमध्ये बारा इटालियन एका दिवसात रोमहून नेपल्सला सायकलने जायला निघाले, तिथून अशा फेऱ्यांना 'ऑडॅक्स' (म्हणजे धाडसी) हा शब्द चिकटला.

---

शेवगा

भारी लिहिलंय. काल्त्सोलारीचा गुलाबी जर्सीतला फोटो मिळेल का?

---

पायडलमारे

@शेवगा, नाही मिळणार, कारण एकूण वेळेत पुढे असलेल्याला देतात ती गुलाबी जर्सी तेव्हा नव्हतीच. ती आली १९३१मध्ये, पहिल्यांदा घातली लेआर्को ग्वेर्राने. गुलाबी का, तर गाझेत्ताचा कागद गुलाबी म्हणून. कागदही सुरुवातीला हिरवा होता, १८९९पासून गुलाबी. १९१४ला पुढे असलेला गडी ओळखायचा तो चिखलाखालून जेवढा दिसेल तेवढ्यावरून.

---

दफा_चारशेवीस

लेख उत्तम, निष्कर्ष अमान्य. दंड 'भोगला' म्हणजे काय? ज्या गुन्ह्याने फायदा झाला तो फायदा शिक्षेपेक्षा मोठा नव्हता, हे कोण ठरवणार? अल्बिनीने शेवटचे दोन्ही टप्पे जिंकले ना? मग तो त्या रात्री दमला नव्हता का? त्यानेही धरला असता हात. नाही धरला. आणि निकाल देणारं वर्तमानपत्र स्वतःच आयोजक. आपल्याच सोसायटीच्या चेअरमनने आपल्याच भावाच्या बांधकामाला परवानगी दिल्यासारखं आहे हे. महासंघ बरोबर होता.

---

गणपुले_नव्हे_गणिती

@दफा, 'कोण जिंकलं' हे त्या काळात मुळातच नियम कसा लिहिलाय यावर होतं. १९१४ ही पहिली जिरो जी एकूण वेळेवर मोजली. त्याआधी गुण होते. टप्प्यात पहिला आलात की एक गुण, दुसरा तर दोन, शेवटी ज्याचे कमी तो विजेता. १९०९मध्ये लुईजी गान्ना २५ गुणांवर जिंकला, कार्लो गालेत्ती २७वर दुसरा, जोवान्नी रोसिन्योली ४०वर तिसरा. वेळ मोजली असती तर जिंकला असता तिसरा आलेला रोसिन्योली!

आणि १९१२ला तर माणूस जिंकलाच नाही, 'आताला' नावाचा संघ जिंकला. एक वर्ष नुसतीच सांघिक शर्यत ठेवली होती. पुढच्या वर्षी गुपचूप परत वैयक्तिक केली.

तेव्हा अल्बिनीवर अन्याय झाला असेल तर रांगेत रोसिन्योली त्याच्या पुढे उभा आहे.

---

बारामतीकर

गाडीला हात धरला म्हणून एवढी कोर्टकचेरी?

आमची शाळा घरापासून नऊ किलोमीटर. कारखाना सुरू झाला की सकाळी उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्याने. मागच्या ट्रॉलीच्या साखळीला डावा हात, उजवा हँडलवर, आणि दप्तर कॅरिअरला. आठवी ते दहावी मी चढ म्हणून पायडल मारलाच नाही. ड्रायव्हरला आरशात दिसायचं, तो शिव्या घालायचा, आम्ही ऊस ओढून खायचो. एकदा साखळी सुटली आणि ओढ्याच्या पुलाजवळ गुडघा असा फुटला की त्या खुणेवर अजून केस उगवत नाहीत.

पण एक सांगतो. ट्रॉलीला धरणं सोपं नसतं. हात खांद्यातून निघायला येतो. खड्डा आला की सोडायचं का धरायचं हे अर्ध्या क्षणात ठरवावं लागतं. तीनशे-साडेतीनशे किलोमीटर मारून आलेल्या माणसाने ओल्या, गारठलेल्या हाताने धरलं असेल तर माझा त्याला दंडवत. माझं मत काल्त्सोलारीला.

---

दफा_चारशेवीस

@बारामतीकर, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण तुम्हाला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं नव्हतं ना त्याबद्दल?

---

बारामतीकर

पहिला तास मिळायचा. तो बाकीच्यांचा चुकायचा.

---

तात्या_स्पोक

मी दुकान बंद केलं त्याला सहा वर्षं झाली, पण चाक उलटं करायचं वाचून हात शिवशिवले. वाचताना सोपं वाटतं. चाक उलटं घातलं की चेनचा ताण बदलतो, कारण दात्यांची संख्या वेगळी. मग चाक मागे ओढायचं, ओढलेलं धरून ठेवायचं, एक बाजू आवळायची, रिम मधोमध आहे का बघायची, दुसरी बाजू आवळायची. जरा तिरकं राहिलं की टायर फोर्कला घासणार. दुकानात, कोरड्या हातांनी, मला दोन मिनिटं लागायची. पावसात, अंधारात, बोटं बधिर झालेली असताना? एकदा चुकला तर परत उतरा.

म्हणून हुशार गडी काय करत असणार सांगतो. पुढे लहान चढ आहे का मोठा घाट, ते आधी बघणार. लहान असेल तर चाक न बदलता उभं राहून रेटायचं. कधी उतरायचं हे ज्याला कळलं तो अर्धा जिंकला.

आणखी एक. चाक उलटायला थांबलेल्याला गाठायची हीच वेळ. पुढचा उतरला की मागचे न उतरता निघून जायचे. आमच्याकडे मुंबई–पुणे सायकल शर्यतीच्या जुन्या मंडळींकडून बोरघाटातले असलेच डावपेच ऐकलेत. 'घाटाचा राजा' नुसता पायांनी होत नाही कोणी.

---

मृदगंध

धाग्यात बाई कशी नाही आली अजून? मीच आणते.

१९२४ची जिरो. मोठ्या कंपन्यांचे संघ पैशांवरून अडून बसले, शर्यतीला माणसं कमी पडायला लागली. तेव्हा अल्फोन्सिना स्त्रादाचं नाव यादीत आलं, पण छापलं गेलं 'अल्फोन्सिन'. शेवटचा 'आ' गळाला की बाई का बुवा ते कळेना. शर्यत सुरू होईपर्यंत सगळ्यांना कळलं, पण तोवर नंबर मिळालेला होता.

बाई रोज रांगेत शेवटी का होईना, पण पोचायची. लाक्विला ते पेरूजा टप्प्यात वादळवाऱ्यात पडली आणि हँडल मोडलं. कोणीतरी झाडूचा दांडा दिला, तो मोडलेल्या हँडलला बांधला आणि तशीच पेरूजाला आली. वेळेची मर्यादा टळून गेली होती. नियमाने बाद. पण तिला बघायला गावोगाव गर्दी लोटत होती, त्यामुळे आयोजकांनी तिला पुढे जाऊ दिलं, फक्त निकालात नाव नाही. निघालेल्या नव्वदपैकी तीस मिलानला परत पोचले. तीही पोचली. नंतर मात्र तिला जिरोत परत घेतलं नाही.

@दफा, आता सांगा नियमाचं. तुमच्या न्यायाने ती पेरूजालाच घरी गेली असती.

---

दफा_चारशेवीस

@मृदगंध, हा डाव चांगला होता. पण तिला निकालात घेतलं नाही, हेच तर मी म्हणतोय! पुढे जाऊ द्या, टाळ्या वाजवा, जेवू घाला. नंबर देऊ नका.

(झाडूचा दांडा मात्र दिवसभर डोक्यातून जाणार नाही.)

---

निंदकाचे_घर

सगळे भावनेच्या भरात वाहताय. ही शर्यत कशासाठी होती? पेपर खपवायला. 'कोर्रिएरे देल्ला सेरा' हे दुसरं वर्तमानपत्र सायकल शर्यत काढणार अशी कुणकुण लागली म्हणून गाझेत्ताने १९०८च्या ऑगस्टमध्ये घाईघाईने घोषणा ठोकून दिली. खिशात पैसे नव्हते, मग उसनवारी आणि देणग्या. लोक अर्धमेले होतात याची बातमी जास्त खपते, म्हणून टप्पे चारशेचे. आठजण उरले ही त्यांना नामुष्की वाटली असेल असं समजू नका.

---

पायडलमारे

@निंदकाचे_घर, पेपर खपवायलाच, शंभर टक्के. गंमत म्हणजे ज्या कोर्रिएरेवर कुरघोडी केली, त्याच कोर्रिएरेने पहिल्या विजेत्यासाठी तीन हजार लिरांचं बक्षीस दिलं. हरल्यावर वऱ्हाडात येऊन आहेर करण्यातला प्रकार.

पण पळणारे कोण होते तेही बघा. गान्ना गवंडी होता, रोज सायकलने मिलानला कामाला जाणारा. गालेत्ती छापखान्यात खिळे जुळवायचा. त्यांना पेपरचा खप ठाऊक असेल किंवा नसेल, बक्षिसाची रक्कम नक्की ठाऊक होती. गान्नाला जिंकल्यावर विचारलं, काय वाटतंय? तो आपल्या बोलीत म्हणाला की बूड पेटलंय नुसतं. आजच्या खेळाडूंच्या "संघाचे आणि प्रायोजकांचे आभार"पेक्षा मला हे शतपटीने आवडतं.

फसवाफसवीही पहिल्यापासून होती. १९०९ला काहीजण मधला रस्ता आगगाडीने कापताना पकडले गेले. त्यापुढे मोटारीला हात धरणं म्हणजे...

---

खिंडीतला वारा

आगगाडी!!! ब्रेव्हेला हे सुचलं नव्हतं. नोंद घेतली आहे.

---

कुमुदिनी

तारखांकडे कोणी पाहिलं का? ही शर्यत जूनच्या पहिल्या आठवड्यात मिलानला संपली. २८ जूनला सारायेव्होत गोळी झाडली गेली, जिच्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. तीन आठवडे. पुढची जिरो थेट १९१९ला.

१९१३चा विजेता कार्लो ओरियानी इटलीच्या सैन्याच्या १९१७च्या माघारीत तालियामेन्तो नदीत बुडणाऱ्या एका सैनिकाला वाचवायला उतरला. हिवाळ्याचं पाणी. न्यूमोनिया होऊन गेला. दोनदा टूर द फ्रान्स जिंकलेला ल्युसियाँ पेती-ब्रेतों १९१४च्या या जिरोत होता, तोही १९१७ला आघाडीजवळ मोटार अपघातात गेला. काल्त्सोलारीच्या निकालाचा वाद १९१५ उजाडेपर्यंत चालू होता हे वाचताना मला तेच दिसत होतं. फ्रान्समध्ये खंदक खणले गेलेत आणि इथे माणसं गाडीला किती वेळ हात धरला होता यावर भांडताहेत. महासंघाला नावं ठेवत नाहीये. माझ्या आजोबांच्या वहीतही ४२च्या ऑगस्टमधल्या पानावर दुधाचा हिशोब आहे.

---

शेवगा

काल्त्सोलारी म्हणजे काय? काही अर्थ आहे का?

---

पायडलमारे

@शेवगा, 'काल्त्सोलायो' म्हणजे जोडे शिवणारा, त्यावरून आलेलं आडनाव. बोलोन्याकडचा माणूस.

@कुमुदिनी, दुधाच्या हिशोबावर काही बोलायला उरलं नाही.

एक राहिलंच. आठव्याबद्दल कोणी विचारलं नाही. त्याचं नाव उंबेर्तो रिपामोन्ती. कंपनीचा संघ पाठीशी नाही, सुट्टा खेळाडू. अशा लोकांना टप्पा संपला की खोली स्वतः शोधायची, जेवण स्वतः बघायचं, सायकल स्वतः धुवायची. तो काल्त्सोलारीच्या सतरा तासांहून जास्त मागे होता. म्हणजे हिशोब करा, पहिल्या नंबरवाल्याच्या मानाने त्याने एक अख्खा टप्पा जास्त चालवली. वरचे सात पोचून, आंघोळ करून, जेवून झोपलेले असताना हा कुठेतरी रस्त्यावर. एक दिवस मधे विश्रांतीचा, त्यातले याच्या वाट्याला किती तास आले असतील?

तुम्ही काल्त्सोलारी आणि अल्बिनीवरून भांडा. माझी जर्सी रिपामोन्तीला.

---

दफा_चारशेवीस

यावर एकमत. नोंदवून ठेवा, क्वचित होतं.

---

बारामतीकर

काल्त्सोलारीचं पुढे काय झालं?

---

पायडलमारे

परत कधी जिरो जिंकला नाही. पण जगला मात्र दणकून, पंच्याण्णव वर्षं. १९८३च्या फेब्रुवारीत गेला. कपिलच्या टीमने वर्ल्ड कप उचलला त्याच वर्षी. सत्तर वर्षं लोक त्याला त्या मोटारीबद्दल विचारत राहिले असतील.

---

तात्या_स्पोक

विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी चाक उलटं केलं होतं, ते पण त्याने विचारायला हवं होतं.

---

खिंडीतला वारा

शनिवारी आमची ३०० आहे, पुणे–महाबळेश्वर बाजूची. पसरणी घाटात रात्री मागून टेम्पो येतात, अगदी हळू, हाताच्या अंतरावरून. इतकी वर्षं कधी लक्ष गेलं नव्हतं. आता जाणार, बारामतीकर, तुमच्यामुळे.

---

बारामतीकर

डाव्या हाताने धरा. आणि खड्डा दिसला की सोडा.